दादा भांडत नाही

टेबल दारात अडकलं आणि सगळं घर आत कोंडलं गेलं.

मागच्या दाराला नव्या मालकाने आदल्या दिवशीच स्वतःचं कुलूप घातलं होतं आणि खिडक्यांना गज होते. त्यामुळे आता आतली माणसं आत आणि बाहेरची बाहेर. बाहेर पायऱ्यांवर होता धाकटा. त्याच्या मागे रस्त्यावर ट्रकवाला बसला होता आणि मधूनमधून हॉर्न वाजवून आपण अजून जिवंत असल्याचं कळवत होता. आत आई, धाकट्याची बायको, मधली बहीण आणि दादा. बाकी खोली रिकामी. भिंतींवर तसबिरींच्या जागी तेवढे फिकट चौकोन उरले होते.

"अजून डावीकडे घे!" धाकटा बाहेरून ओरडला. तो शहरात बस चालवायचा. अरुंद गल्ल्यांतून एवढं धूड काढणाऱ्या माणसाला एक टेबल काय भारी आहे, असं त्याने सकाळीच छाती फुगवून सांगितलं होतं.

"डावीकडे," दादा म्हणाला आणि त्याने ढकललं. कुशीवर निजवलेलं टेबल चौकटीत आणखी रुतलं.

"आता उजवीकडे!"

"बरं. उजवीकडे."

"अरे, पण मघाशी उजवीकडेच होतं ना!" मधली वैतागून म्हणाली. "त्याचं काय ऐकतोस? सुतार तू आहेस की तो?"

"म्हणतोय तो, तर बघू करून," दादा शांतपणे म्हणाला.

मधलीला घरात सगळे ठिणगी म्हणायचे, आणि ते काही लाडाने नव्हे. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांचे दात हातात घेऊन बसते म्हणून घरी आली की स्वतःचे दाखवते, असं धाकटा म्हणायचा. या घरात सगळ्यात जास्त प्रार्थना जर कुणी सांगितल्या असतील तर त्या ठिणगीने, आणि त्याचं कारण भक्ती नव्हतं. कारण होता बाबांनी घालून दिलेला नियम.

नियम असा, की दिवसभरात ज्याने भांडण काढलं असेल त्याने संध्याकाळी टेबलाशी बसून सगळ्यांची प्रार्थना सांगायची. बाबा म्हणायचे, ज्याच्या पोटात आग आहे त्यालाच देवाशी बोलायची जास्त गरज. कुणीच भांडलं नाही तर आई सांगायची, पण तशी वेळ क्वचित यायची. लहानपणी ठिणगी फुरंगटून, नाक ओढत, "हे देवबापा, मी चुकले, पण हाही चुकला" अशी सुरुवात करायची, आणि आमेन होईपर्यंत सगळे हसायला लागलेले असायचे. आता चाळिशी उलटली तरी आठवड्यातले चार दिवस प्रार्थना तिच्याच वाट्याला. लग्न करून पलीकडच्या गल्लीत राहायला गेली, पण संध्याकाळी नवऱ्याला घेऊन टेबलाशी हजर.

आणि ते टेबल आता दारात.

"बाबांनी हे टेबल याच खोलीत केलं," आई खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाली. "नंतर दाराची नवी चौकट बसवली. जाड, देखणी. मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, दार अरुंद झालं."

"गावभरची दारं मोजली आणि स्वतःचं विसरले," धाकट्याची बायको हसून म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणायचे, सासूसुद्धा. हा विनोद घरात इतका जुना होता, की बाबा हयात असतानाही तो दर पाहुण्याला ऐकवला जायचा. बाबा नुसते हसायचे.

"ते काही निघत नाही," बाहेरून धाकट्याने निकाल दिला. "दादा, काप. दोन तुकडे कर, तिकडे गेल्यावर जोड. ट्रकवाला निघून जाईल नाहीतर."

ठिणगी म्हणाली, "वेडा झालास का? दादा, सांग त्याला!"

दादाने टेबलाकडे पाहिलं. "कापायचं म्हणता? बरं. करवत कुठल्या खोक्यात आहे बघतो."

आणि तो खरंच आतल्या खोलीत करवत शोधायला गेला.

ठिणगीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. हा तोच दादा होता ना, तिने एकदा या टेबलावर गरम पातेलं टेकवलं म्हणून सगळी गल्ली जागी होईल इतका आरडाओरडा करणारा? बाबांच्या हाताखाली शिकलेला, सगळ्यांत कसबी, सगळ्यांत तापट! लहानपणी प्रार्थनेच्या बाबतीत तिच्याशी बरोबरी करणारा हा एकच. दोघं एका दिवशी भांडले तर दोघांनाही सांगावी लागायची, आणि मग आमेनपर्यंत जेवण गार व्हायचं.

जाता जाता दादाने एक गोष्ट केली, ती तिने पाहिली. टेबलाची जी कड वर आली होती, तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला. एका ठिकाणी थांबवला. धूळ पुसली. तिथे एक लहानसा खळगा होता.

वहिनीची, दादाच्या बायकोची, जागा. गीत सुरू करताना वहिनी चमच्याने टेबलावर ठोका द्यायची, रोज त्याच ठिकाणी, आणि वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी तिथे लाकूड दबलं होतं. दादाने किती वेळा टेबल घासलं, पॉलिश केलं, पण तो खळगा कधी बुजवला नाही. वहिनी आजारात गेली. त्याच्या आधीच बाबांचं सुतारकामाचं दुकान बंद पडलं होतं, आणि दादा भुसा दाबून फळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला होता. तेव्हापासून दादा बदलला. शांत झाला. 'तुम्ही म्हणाल तसं' हे त्याचं एकमेव वाक्य झालं. चर्चमध्ये सगळे म्हणायचे, बघा, दुःखाने माणूस कसा निवळतो.

ठिणगी जागच्या जागी उभी राहिली. वहिनी गेल्यापासून दादाने एकदाही प्रार्थना सांगितली नव्हती.

सांगणार कशी? एकदाही भांडला नव्हता ना!

"आई," ती खुर्चीशी जाऊन हळूच म्हणाली, "दादा शांत बिंत काही झालेला नाही. तो चुकवतोय."

आईने तिच्याकडे पाहिलं. "आत्ता कळलं तुला?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"आई आहे मी त्याची. एकदा म्हटलं, आज तू सांग रे. तर म्हणाला, मी कुठे भांडलो, आज प्रार्थना माझी नाही." आईने पदराने चष्मा पुसला. "तोंड मिटून टेबलाशी बसतो. आमेनसुद्धा ओठांतल्या ओठांत. मी काय करणार? नियम त्याच्या बापाचा."

सिस्टर जवळ सरकली. तिचा चेहरा उतरला होता. "मला वाटायचं, दादांना शांती मिळाली. मी तर इस्पितळात सगळ्यांना त्यांचं उदाहरण देते."

"कसली शांती! अबोला धरलाय त्याने देवाशी," ठिणगी म्हणाली.  "आणि आज हे टेबल कापलं ना, तर संपलंच. उद्या त्या नव्या घरात जेवायला वेगळं टेबल, बसायला वेगळ्या खुर्च्या, प्रार्थना कधी होईल कधी नाही. मग तो बोलायचाच नाही कधी. आई, त्याला भांडायला लावलं पाहिजे."

"आता?"

"आत्ताच. नंतर कुठे हे घर आपलं आहे?"

आईने सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने आईकडे. सकाळपासून सिस्टर नवऱ्याच्या बाजूने होती आणि आई कुणाच्याच बाजूने नव्हती. आता तिघी एका बाजूला झाल्या.

दादा करवत घेऊन आला. सिस्टरने पदर खोचला. आयुष्यात कुणाला टोचून बोलली नव्हती ती. सुईसुद्धा 'दुखेल हं थोडं' असं सांगून टोचायची.

"दादा," ती धीर करून म्हणाली, "तुम्ही चहा करता ना, तो फार वाईट असतो."

दादाने विचार केला. "हो गं. साखर जास्त होते माझ्याकडून."

सिस्टर बिचारी मागे सरली. आई पुढे झाली. "तू लहानपणापासून आळशी."

"असेन," दादा म्हणाला आणि करवतीच्या पात्याची धार बोटाने पाहू लागला.

"काय चाललंय आत?" धाकटा गजांना तोंड लावून विचारत होता. "दादा आळशी? अगं आई, उन्हाने काही झालं का तुला?"

"तू गप्प बस!" तिघी एकदम म्हणाल्या.

ठिणगीने आणखी वेळ घालवला नाही. तिने दादाच्या हातातली करवत हिसकावली.

"आण इकडे. मीच कापते. तुझं काय, भुसा चिकटवायची सवय तुला. खऱ्या लाकडाशी तुझा काय संबंध उरलाय?"

दादाच्या जबड्याचा स्नायू हलला. पण तो म्हणाला, "काप. तुला जमेल."

जमेल! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने वरच्या कडेवर करवत ठेवली. इथे नाही, तिथेही नाही. बरोबर त्या खळग्याच्या शेजारी.  हे देवा, मला माफ कर, ती मनात म्हणाली, वहिनी, तूही माफ कर. आणि तिने करवत ओढली. खर्र असा आवाज झाला आणि थोडा लाल भुसा खाली पडला.

"हात काढ!"

आवाज असा आला, की बाहेर ट्रकवाल्याने दचकून हॉर्न दाबला.

"हात काढ म्हणतो ना! अक्कल आहे का तुला? कुठे करवत लावतेस? ती बसायची तिथे! तिथे!" दादाने करवत ओढून घेतली आणि कोपऱ्यात भिरकावली. त्याचा चेहरा लालभडक झाला होता. "सगळं न्या! दुकान गेलं, नेलं. ती गेली, नेली. घर चाललंय, मी बोललो काही? बोललो? आता हेसुद्धा कापा! आणि वर रोज संध्याकाळी डोळे मिटून म्हणायचं, देव बदलत नाही, देव सोडत नाही! मग होता कुठे तो? तिच्या उशाशी मी बसलो होतो, रात्ररात्र. मागत होतो. काय दिलं त्याने? काय दिलं? मला नका सांगू शांत राहा म्हणून! मी शांत नाही! एक दिवस शांत नव्हतो!"

खोलीत त्याचा आवाज घुमला. सिस्टर रडत होती. ठिणगीही रडत होती, पण तिच्या तोंडावर हसू होतं, आणि ते लपवायचं कसं हे तिला कळेना.

आई खुर्चीवरून उठली. काठी टेकत टेबलापाशी आली.

"बरं," ती म्हणाली. "आज प्रार्थना कुणाची?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्याने ठिणगीकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"तुम्ही... चहा वाईट, म्हणे."

"चहा खरंच वाईट असतो, दादा," सिस्टर डोळे पुसत म्हणाली.

"संध्याकाळी बघू," दादा पुटपुटला.

"संध्याकाळी हे घर आपलं नाही," आई म्हणाली. "तुझ्या बापाने या घरात नियम घातला. याच घरात पाळ."

"आई, माझ्याकडे शब्द नाहीत गं."

"आत्ता एवढे कुठून आले? त्याच्याशीच भांडलास ना? तेच पुढे चालू ठेव."

दारातून पायऱ्यांवरचा धाकटा दिसत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि काही न विचारता टेबलाच्या बाहेरच्या टोकावर हात ठेवला. ट्रकवाला काय झालं बघायला आला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तोही गपचूप उभा राहिला. आत आईने, सिस्टरने, ठिणगीने वरच्या कडेवर हात ठेवले. अर्धं टेबल आत, अर्धं बाहेर, आणि दोन्हीकडे त्याची माणसं.

 खळग्यावर हात ठेवून दादाने डोळे मिटले.

"देवबापा," तो म्हणाला, आणि थांबला. "मी तुझ्यावर रागावलोय. तुला माहीत आहेच. मी वाट बघत होतो, तू कधी कंटाळून जातोस. मी बोलत नव्हतो, ऐकत नव्हतो. कारखान्यात जाताना, येताना, कुणीतरी बरोबर चालतंय असं वाटायचं. मी मान वळवली नाही. मुद्दाम वळवली नाही." त्याचा आवाज फुटला. "तू गेला नाहीस. मी एवढं केलं तरी गेला नाहीस."

बाहेर धाकट्याने नाक ओढलं.

"लाकूड हलतं, प्रभू. हवा बदलली की फुगतं, आकसतं. बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, सांध्यात त्याला हलायला जागा ठेव, नाहीतर फुटेल. मी लाकडासाठी जागा ठेवली, स्वतःसाठी नाही ठेवली. मी फुटलो. तू नाही हललास. ती होती तेव्हा होतास तोच आहेस. बाबा होते तेव्हाही तोच. ती तुझ्याकडे आहे. मला हे माहीत होतं, पण मला राग सोडायचा नव्हता. आता सोडतो. नाही, अजून थोडा आहे. तोही तूच घे. या घराबद्दल तुझे आभार. तिच्याबद्दल आभार. पुढे जिथे जातोय तिथे तू आधीच आहेस, याबद्दल आभार. येशूच्या नावाने मागतो."

"आमेन," सगळे म्हणाले. आईचा आमेन सगळ्यांत मोठा होता. ट्रकवाल्यानेही म्हटलं, एक क्षण उशिरा.

दादाने बाहीने तोंड पुसलं. मग त्याने दाराकडे पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आणि तू रे बसवाल्या!" तो गरजला. "टेबल असं घालतात दारात? सकाळपासून बघतोय तुझा मूर्खपणा!"

"मी?" धाकटा बाहेरून किंचाळला. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर भांडण झालं असतं!"

क्षणभर कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग ठिणगीला कळलं आणि ती खाली फरशीवर बसून पोट धरून हसायला लागली. म्हणजे याला सकाळपासून ठाऊक होतं! टेबल कसं निघतं हे ठाऊक असून, वाद नको म्हणून हा डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, आणि शेवटी कापायलाही तयार! प्रार्थना चुकवायची म्हणून!

"आत ओढा," दादाने हुकूम सोडला. "पूर्ण आत. तू बाहेरून लोट, दात काढू नकोस. सिस्टर, ते हत्यारांचं छोटं खोकं दे इकडे. ठिणगे, ऊठ. दार काढायचंय."

"चौकट?"

"चौकटीला कोण हात लावतोय? दाराची फळी. बिजागऱ्यांतून." त्याने वाकून बिजागरीचा पहिला खिळा ठोकून वर काढला. "फळीच्या जाडीएवढीच जागा कमी पडते. दार निघालं की टेबल निघतं, पाय आधी बाहेर, मग वळण. बाबांनी चौकट बसवली तेव्हा मी पट्टी धरून उभा होतो. मोजलं होतं त्यांनी."

आई दाराच्या चौकटीजवळ आली. "मग एवढी वर्षं आम्ही हसत होतो, तेव्हा सांगितलं का नाही त्यांनी?"

"म्हणायचे, तुझ्या आईला हसू दे. टेबल न्यायची वेळ येईल तेव्हा तू सांग."

आईने चष्मा काढला. तिने तो पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

दार निघालं. टेबलाचे पाय बाहेर गेले, मग दादाच्या आरड्याओरड्यात एक वळण घेतलं गेलं, आणि ते अवजड धूड चौकटीला न घासता बाहेरच्या उन्हात आलं. धाकट्याने ट्रकवाल्याला मिठी मारली. सिस्टरने टाळ्या वाजवल्या. ठिणगीने तर सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "निघालं! बाबा, निघालं!" शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघू लागली. दादाने दार पुन्हा बिजागऱ्यांत बसवलं, एकदा उघडलं, एकदा लावलं, आवाज येत नाही याची खात्री केली, आणि किल्ली नव्या मालकासाठी शेजारी देऊन आला. मागे वळून त्याने एकदाच पाहिलं.

नव्या बिऱ्हाडाचा जिना अरुंद होता. तिथे दादा धाकट्याशी भांडला, ट्रकवाल्याशी भांडला, ठिणगीशी दोनदा भांडला, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका सभ्य गृहस्थाशी त्यांचा काही दोष नसताना भांडला. मग त्यांची माफी मागून त्यांनाच टेबलाचा एक कोपरा उचलायला लावला. टेबल समोरच्या खोलीत बसलं तेव्हा खोलीत दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन सगळे कसेबसे बसले.

ठिणगीने पाहिलं, वहिनीच्या खळग्याशेजारी तिच्या करवतीची चीर होती. ताजी, लाल.

"बुजवून टाकशील ना रे?" ती ओशाळून म्हणाली.

दादाने चिरेवरून अंगठा फिरवला. "राहू दे. कामाची चीर आहे."

उजेड कमी होत आला होता. आईने सवयीने सगळ्यांकडे पाहिलं. "आज प्रार्थना..."

"माझी," ठिणगी म्हणाली. "जिन्यात मीच सुरुवात केली. कबूल आहे मला. दादाची तर दुपारीच झाली."

"तू थांब," दादा म्हणाला. त्याने आधीच हात जोडले होते. "नियम उद्यापासून. मला बोलायचंय त्याच्याशी."

मग त्याने चमचा उचलला आणि खळग्यात एक ठोका दिला.